साहेबांनी मोकळी केलेली जागा

पाणीखात्याच्या नकाशाखोलीत काकू चौदा वर्षं बसल्या. जमिनीखालच्या नळांचे कागद वाळवी खायच्या आत त्यांनी एकेक स्कॅन केले, आणि मग कागद रद्दीत गेले. नकाशे ठेवले होते एका भल्यामोठ्या फाइलीत. ती फाइल म्हणजे डिस्कच, फक्त हाताला न लागणारी. कॉम्प्युटरमधल्याच डिस्क मॅनेजमेंटने ती जोडली की ‘एम’ ड्राइव्ह उघडायचा, नकाशे दिसायचे. काम झालं की काकू ती काढून ठेवायच्या. चुकूनही काही पुसलं जाऊ नये म्हणून ‘फक्त वाचण्यासाठी’वर खूण केल्याशिवाय कधी जोडली नाही. कुणी महागडं सॉफ्टवेअर सुचवलं तर म्हणायच्या, "घरात कात्री असताना शेजारी कशाला मागायची?"

मग हे नवे साहेब आले, उंटावरचे शहाणे. दुसऱ्या प्रतीसाठी मागितलेली डिस्क नामंजूर, आणि खात्याची माहिती घरी ठेवायची नाही असं फर्मान. काकूंच्या डोक्यात तिडीक गेली, पण नियम तो नियम. खबरदारी म्हणून घरी ठेवलेली एकुलती दुसरी प्रत पुसली, कागदावर सही केली.

दाढ काढायला काकू दोन दिवस रजेवर गेल्या. साहेबांना आपल्या भाषणांचे व्हिडिओ ठेवायला जागा हवी होती. त्यांनी फाइलीवर दोनदा क्लिक केलं, एम उघडला. नकाशे फाइलीत आहेतच, मग इथे पुन्हा कशाला? झालं! एम फॉरमॅट करून त्यांनी त्यात व्हिडिओ गच्च भरले. फाइल मात्र जपून ठेवली, काय ती अक्कल.

काकू परतल्या त्याच सकाळी बाजाररस्त्यावरचा मोठा नळ फुटला. नळदुरुस्तीवाला चिखलाने माखून दारात आला. "काकू, व्हॉल्व्ह कुठे पुरलाय? दवाखान्यात पाणी शिरतंय."

काकूंनी फाइल जोडली. पडद्यावर साहेब, हात उंचावलेले, एकाखाली एक छत्तीस वेळा. काकूंनी खालपर्यंत शोधलं, नकाशा एकही नव्हता.

"फाइल तर आहे की," साहेब म्हणाले. "आकारही तेवढाच."

"डबा तेवढाच आहे. आतलं तुम्ही ओतून दिलंत."

साहेब जवळ सरकले, आवाज हळू केला. "घरी एखादी कॉपी असेलच ना. मी कुणाला बोलणार नाही."

"पुसली. तुमच्यासमोर सही केली होती."

"अहो, सही काय, सगळेच करतात. खरंच पुसतं का कुणी?"

साहेबांची किळस तर होतीच. पण चौदा वर्षांचं काम या माणसाच्या शब्दाखातर पुसलं, याची काकूंना जास्त शिसारी आली. नळवाला अजून दारातच होता. त्यांनी पाठकोरा कागद ओढला आणि आठवेल तसा बाजाररस्ता काढायला घेतला. पहिल्याच वळणाला हात थांबला.