शेवटच्या खोलीचं गरम पाणी
चिंचवडच्या लॉजवर मी मॅनेजर असताना मालकांनी खोल्याखोल्यांत पाटी लावली: ‘राष्ट्रहितार्थ विजेचा मितव्यय करावा.’ पाहुणे ती आदरानं वाचत आणि गीझर चालू ठेवून कंपनीत जात. मग दुसऱ्यानं गीझर लावला की फ्यूज उडे. शेवटच्या खोलीतल्या वयस्कर फिटरना तीन दिवस गार पाण्यानं आंघोळ करावी लागली. तिसऱ्या संध्याकाळी ते शेजाऱ्याला म्हणाले, “राव, तुमचं झालं की बटण बंद करा आणि मला हाक मारा. तुमच्या भरवशावर झोपतोय.” शेजाऱ्यानं हाक मारली. आठवड्याभरात प्रत्येक जण पुढच्याला उठवू लागला: “भाऊ, उठा, तुमचा नंबर.” फिटर आता गुणगुणत चहाला येत. मालकांनी हा पाटीचाच गुण समजून आणखी पाट्या रंगवायला दिल्या. मी अडवलं नाही.