खळीवरचं झाकण

बाइंडरकाकांच्या शिकंज्याखालून निघालेलं पुस्तक पुन्हा सुटलं, असं कधी झालं नाही. शाळेचे हजेरीपट असोत, कचेरीची जाडजूड रजिस्टरं असोत, की कुणा आजोबांच्या पानं निखळलेल्या वह्या असोत, सगळ्यांना काका त्यांच्या पुढच्या खोलीत नवं अंग द्यायचे. चाळीस वर्षं सुई, दोरा, पुठ्ठा आणि खळ. अशा माणसाला कुणाचा हेवा वाटावा? पण वाटला. तोही उतारवयात, आणि हातभर लांबीच्या एका मुंगसाचा.

मुंगूस पहिल्यांदा आलं ते थेट स्वयंपाकघरात. मागचं दार उघडं होतं, काकू कणीक मळत होत्या. पिठाच्या डब्यामागून एक टोकदार तोंड वर आलं, त्यावर दोन तांबूस डोळे. दुसरी कुणी असती तर गल्ली डोक्यावर घेतली असती. काकूंनी कणकेची गोळी केली, फोडलेल्या अंड्यात बुडवली आणि उंबऱ्याबाहेर टाकली.

"साहेब, आत नाही हं यायचं. बाहेर बसून जेवा."

पुढच्या खोलीत काकांची सुई थांबली. मुलगी लग्न होऊन लांब गेल्यापासून काकूंचं बोलणं आटलं होतं. "वाढलंय", "दिवा मालवा", "दूध संपलंय", एवढ्यावर दिवस निघायचा. आणि आज अख्खं वाक्य! त्यात थट्टासुद्धा!

साहेब मग रोज येऊ लागले. दुपार कलली की मागच्या भिंतीवरून उतरायचं, सरपणाच्या ढिगाला वळसा घालायचा आणि पायरीशी येऊन मागच्या दोन पायांवर उभं राहायचं. काकू पायरीवर बसायच्या. लेकीचं पत्र आलं नाही हे सांगायच्या, गुडघा दुखतो हे सांगायच्या. काका भिंतीला कान लावून ऐकायचे. गुडघा दुखतो हे त्यांना मुंगसामुळे कळलं.

शेजारच्या इस्त्रीवालीने तर ताळच सोडला. "काका, तुमचं काही खरं नाही," ती खिडकीतून ओरडायची. "काकू साहेबांसाठी अंडं ठेवतात, तुम्हाला नुसती आमटी!"

"मला अंडं चालत नाही," काका म्हणायचे. चालायचं. चांगलं आवडायचं.

एके दिवशी काकू पाणी भरायला गेल्या तेव्हा काकांनी स्वतः गोळी केली आणि पायरीवर जाऊन बसले. "या साहेब," ते म्हणाले, पण आवाज घोगरा निघाला. मुंगसाने दोन पावलं टाकली, नाक उडवलं आणि मागे वळलं. हाताला बांधणीच्या कातड्याचा वास होता. चाळीस वर्षांचा वास, तो साबणाने जाणार थोडाच! काकांनी गोळी भिंतीपलीकडे भिरकावून दिली आणि काकूंना काही सांगितलं नाही.

बांधणीची खळ म्हणजे शिजवलेलं पीठच. पण कागदाला कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात, आणि मोरचूद म्हणजे विष. काका खळ निवायला मागच्या पायरीवर ठेवायचे, वर फळी, फळीवर दगड. मुलगी रांगत होती तेव्हापासूनची ही सवय. एक दिवस चुकली नव्हती.

त्या दिवशी मात्र दगड बाजूलाच राहिला आणि फळीही. खळीत त्यांनी चमचाभर अंडंही घातलं होतं, चिकटपणा वाढावा म्हणून. आपण विसरलो, असं ते पुढच्या खोलीत बसून स्वतःला सांगत होते. शिवून होत आलेलं रजिस्टर मांडीवर होतं, आणि दोऱ्याची शेवटची गाठ काही केल्या बसत नव्हती.

मागून आवाज आला. "आलात का? थांबा हं, पीठ मळून होऊ दे."

त्या आवाजातली ऊब काकांना ओळखीची होती. फार वर्षांपूर्वी, ते कचेरीतून रजिस्टरांचा गठ्ठा घेऊन घामाघूम परत यायचे, तेव्हा हाच आवाज आतून यायचा. "आलात का? थांबा हं."

काका उठले. स्वयंपाकघर ओलांडून दारात आले, तर मुंगसाचं नाक भांड्याच्या काठावर. ओरडायला वेळ नव्हता. त्यांनी हातातलं रजिस्टर फेकलं. ज्या माणसाने उभ्या जन्मात पुस्तक पालथं ठेवलं नाही, त्याने ते फेकलं. भांडं कलंडलं, निळसर खळ पानापानांत शिरली, आणि मुंगूस भिंतीपलीकडे दिसेनासं झालं.

काकूंचे हात कणकेने भरलेले. त्यांनी भांडं पाहिलं, फळी पाहिली, दगड पाहिला.

"झाकण का नव्हतं?"

काका रजिस्टर उचलायला वाकले.

"खाल्लं का त्याने?"

"नाही. तोंड लावायच्या आधीच..."

काकू आत गेल्या. पुढचे चार दिवस "वाढलंय" हेसुद्धा ऐकू आलं नाही, ताट नुसतं समोर यायचं. काका खराब झालेली पानं एकेक करून उतरवून काढत होते. पायरीवर खळ ठेवली की काकू येऊन फळीवर दोन विटा ठेवून जायच्या.

पाचव्या दिवशी काका खळ ठेवायला गेले तेव्हा भिंतीवर ते टोकदार तोंड दिसलं. काकू आत होत्या. हाताशी काठी होती. एक टाळी वाजवली असती तरी ते कायमचं गेलं असतं, आणि कुणाला कळलंही नसतं. हेवा अजून तसाच होता. काका हलले नाहीत.

"अगं," त्यांनी हाक मारली, "तुझे साहेब आलेत."

आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं.

"आलात का?" काकू म्हणाल्या. "थांबा हं."

दारात काका उभे होते, भिंतीवर मुंगूस. काकू कुणाला म्हणाल्या हे काकांनी विचारलं नाही. त्यातलं अर्धं आपलं धरून ते वाटेतून बाजूला झाले.