टपावरचा अ‍ॅम्प आणि देवगाव फाटा

ताडकळसला माझ्या मावसबहिणीच्या लग्नात गिटार वाजवायची ठरली, तेव्हा मिलिंद म्हणाला, "अ‍ॅम्प आपलाच नेऊ." हा माझा मित्र रेडिओ दुरुस्त करायचा आणि गायचाही छान. गिटारचा आवाज मोठा करणारे, काचेच्या व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प गोड वाजतात, पण एका दणक्यात त्यांची काच जाते. म्हणून त्याने ट्रान्झिस्टर लावून, तसाच आवाज काढणारा अ‍ॅम्प सागवानी पेटीत बसवला होता.

विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा गावंच्या गावं धुमसत होती. आई नको नको म्हणत असताना आम्ही औरंगाबादहून सकाळची एसटी धरली. पेटी टपावर. मंठ्यानंतर नुसते खड्डे. प्रत्येक आदळ्याला मिलिंद छताकडे बघायचा.

देवगाव फाट्यावर बाभळी आडव्या टाकलेल्या. बस थांबली आणि पुढची काच खळकन फुटली. काठ्या घेतलेला घोळका आला. दोघांनी टपावर चढून पेटी खाली ढकलली. एक जण आत शिरला.

"पेटीत काय हाय? भोंगा? सभेला न्यायलाव व्हय?"

"गिटारचा अ‍ॅम्प आहे. लग्नाला चाललोय." मी म्हणालो.

तो मिलिंदकडे वळला. "तुझं नाव काय रे? आडनावासकट सांग."

मिलिंद बौद्ध. नुसतं नाव ऐकूनही त्यांना पुरे झालं असतं.

पुढच्या सीटवरून एक अनोळखी बाई वळल्या. "बाळू हाय त्यो. माझ्या बहिणीचं लेकरू. लय भ्यालंय, कशाला काठ्या दावायलाव?"

"खरं का मावशी?"

"मग! मी माझा भाचा वळखना व्हय?"

त्याने काठी खाली घेतली. मग उतरला. आम्ही पेटी उचलून आत घेतली, बाभळी बाजूला झाल्या आणि बस निघाली. सेलूला भजी घेतली, ती तशीच पुडीत राहिली.

पेडगावला बाई उतरल्या. दारातून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बाळू, परत जाताना घरी ये. काका वाट बघायलेत."

"येतो, मावशी." मिलिंद म्हणाला.

ताडकळसला पेटीचा कोपरा फुटलेला दिसला, पण अ‍ॅम्प पहिल्याच झटक्यात खणखणीत वाजला. मिलिंद मात्र गायला नाही. पंगतीत भाकरी, वांग्याची भाजी समोर होती आणि याची नजर मांडवाच्या दारावर. परभणीहून आम्ही रेल्वेने घरी आलो.

आता माझ्याकडे डिजिटल मॉडेलिंग अ‍ॅम्प आहे. छोट्याशा डब्यात कितीतरी जुन्या अ‍ॅम्पचे आवाज, आणि एसटीतले हिसकेही त्याने सोसलेत. तुम्ही जाणार असाल तर असाच न्या; रस्ताही बरा झालाय. मिलिंदलाही त्याचं फार वेड. परवा तो बटणं फिरवत बसला होता, तेव्हा म्हटलं, "चल, पेडगावच्या मावशींना शोधू."

"त्या रस्त्याने मी येणार नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "तू जा. भेटल्या तर सांग, बाळूचं नाव मिलिंद आहे."