गाना आपलाच हाय

टोकावड्याचा बेंजोवाला डोळे मिटून वाजवायचा आणि वरातीत कुणाची फर्माईश ऐकायचा नाही. हा माज मला खटकायचा. त्या वर्षी एक स्पॅनिश गाणं गावोगाव गाजत होतं. ते ढोलाच्या ठेक्यावर बसवून तो म्हणायचा, "गाना आपलाच हाय, शब्द तेवढे भायेरचे."

एकदा तेच गाणं चालू असताना वरातीच्या वाटेवर दुखवट्याचं घर लागलं. तिथला म्हातारा नुकताच गेला होता. रीतीप्रमाणे बेंजोवाल्याने वाजवणं थांबवलं, तशी म्हातारी दारात आली.

"थांबलास कशाला रे? आमच्या म्हाताऱ्याला ह्योच गाना आवडायचा. वाजव."

नवरदेवाकडे पाठ करून, त्या दाराकडे तोंड करून त्याने अख्खं गाणं वाजवलं. डोळे उघडे ठेवून.