तटाखालचा देव

आमच्या नागपूरकडच्या माणसाला समुद्र दाखवला की तो आधी जरा गप्प होतो आणि मग अंबाझरी तलावाशी त्याची तुलना करायला लागतो. मी गप्प व्हायची पायरीही वगळली होती.

दीव फिरंग्यांच्या हातून सुटून भारतात येऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. आमची यात्रा खरी सोमनाथची. काटोलकडची संत्र्याच्या बागांची माणसं, त्यांच्यात माझी आत्या, आणि तिकिटं काढायला, धर्मशाळा शोधायला नागपूरचा शिकलेला भाचा म्हणून मी. सोमनाथला कुणीतरी म्हणालं, दीव जवळच आहे, लढाई झाली ती जागा पाहून येऊ. लढाई आम्ही रेडिओवरच ऐकलेली. सगळे तयार झाले. आत्याचा मात्र चेहरा उतरला. तिचा एकुलता एक मुलगा तोफखान्यात होता, उत्तरेच्या सरहद्दीवर, आणि तिकडच्या बातम्या काही बऱ्या नव्हत्या. वाटेतल्या प्रत्येक देवळात ती एकच बोलायची, "माह्या लेकराले धड घरी आण." पिशवीत नारळ भरून घेतले होते ते त्यासाठीच.

होडीतून खाडी ओलांडून उतरलो तर गाव दुपारी झोपलेल्या घरासारखं. घरं गुलाबी, पिवळी, खिडक्या बंद. भिंतींना ठिकठिकाणी देवीच्या व्रणांसारखे खड्डे. कचेरीच्या दारावर दगडी राजचिन्ह होतं, तिथे नुसता पांढरा डाग उरलेला. जाळी वाळत घातलेली, पण त्यांच्याजवळ माणूस नाही.

गाइड म्हणून भेटले ते पन्नाशीचे गृहस्थ, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा कोट घातलेले. आधीच्या राजवटीत जकातीच्या कचेरीत होते, आता पाहुण्यांना गाव दाखवत. त्यांनी एकच नियम सांगितला, "मेरे पीछे चलिए। किसी चीज़ को हाथ मत लगाइए।"

गृहस्थ बोलायचे कमी. चर्च दाखवलं, घाट दाखवला. एका गल्लीच्या तोंडाशी थांबले, आत पाहिलं आणि काहीच न बोलता पुढे निघाले. आता गाइड गप्प आणि मी हजर, म्हणजे कठीणच. मी आमच्या मंडळींना मागच्या मागे सांगून टाकलं, की या गल्लीत फिरंग्यांच्या राणीचं न्हाणीघर होतं, दुधाने भरलेलं. बायका माना वळवून वळवून पाहू लागल्या. मला चेव चढला. किल्ल्याच्या दाराशी मी एका गंजक्या तोफेचं लग्न लावून दिलं, खंदकात एक मगर सोडली. गाइड एकदा मागे वळून माझ्याकडे नुसते पाहत राहिले. मला वाटलं, कौतुक.

किल्ल्यात वारा सारखा शीळ घालत होता. समुद्राच्या बाजूचा तट एका कोपऱ्यात नुकताच ढासळलेला दिसत होता. दगडांचा ढीग खाली उतरत गेलेला. गाइड पहारेकऱ्याशी काही बोलायला थांबले, तेवढ्यात आमची मंडळी ढिगाकडे सरकली. तिथे मातीत गुडघाभर उंचीचा, वर गोलसर, काळपट, धोंड्यासारखा एक जण तिरका उभा होता.

आता आमच्या भागात बांधावर एखादा उभा धोंडा दिसला की त्याला शेंदूर लागलाच समजा. कुणाचा म्हसोबा, कुणाचा वाघोबा, विचारायची पद्धत नाही. आत्या म्हणाली, "हा कोनता देव गा?"

"दर्याबोवा," मी म्हणालो. "लई कडक. याच्याच कृपेनं किल्ला उभा हाय."

बोलून मी पान जमवत बाजूला बसलो. आत्याने पदर सावरला, पिशवीतलं कुंकू काढून त्या गोल डोक्याला लावलं, हात जोडून पुटपुटली, आणि नारळ काढला. फोडायला दगड शोधायची तिला गरज नव्हती. देवच टणक होता.

"रुकिए!" गाइड धावत आले आणि वाटेतच थबकले. त्यांचा आवाज एकदम खाली गेला. माझ्या कानाशी म्हणाले, "गोला है। फूटा नहीं है।"

माझ्या हातातलं पान पडलं. "आत्या, थांब. तो तोफेचा गोळा हाय."

आत्याने नारळ उचललेलाच ठेवला. "सकाळपासून तुह्या थापाच ऐकून राहिली मी. घडीभरापूर्वी देव होता, आता गोळा झाला?"

मंडळी हसली. एक जण म्हणाला, "आता याचंही लगन लाव म्हना."

"खरंच सांगून राहिलो."

"मग आतालोक काय सांगून राहिला होता?" असं म्हणत तिने हात आणखी वर नेला. धावावं तर ढीग घसरेल. ओरडावं तर खरं सांगून झालंच होतं. खऱ्याला तिथे काही किंमत उरली नव्हती. मग मी माझ्या नेहमीच्या आवाजात, जमेल तेवढं सहज म्हणालो, "अवं आत्या, सांगाचं राहिलं. हा देव फोडलेला नारळ घेत नाही. अखंड ठेवा लागते. आन् पाठ नाही दाखवाची, मागं मागं या लागते."

"हे आधी सांगाले काय झालं होतं तुले?"

तिने वाकून नारळ ठेवला. उतारावर तो गडगडला आणि लोखंडावर टक्कन आपटला. वारासुद्धा थांबल्यासारखा वाटला. मग ती एकेक पाऊल मागे, हात जोडलेले, ओठ हलताहेत, अशी माझ्यापर्यंत आली. मी तिचा दंड धरला तो दरवाज्याबाहेरच सोडला.

शिट्ट्या वाजल्या, शिपाई आले, आम्हाला धक्क्यावर आणून बसवलं. आता मंडळी हसत नव्हती. आत्या शेजारीच बसली होती. मी गाइडना विचारलं, "किसका था?"

"अपना ही। भारत के जहाज़ से आया था।" किल्ल्याकडे पाहत म्हणाले, "उस दिन हमको मालूम नहीं था कि अपना है।" आणि मग, "सुबह वो गली देखी न आपने? वहाँ जो गिरा, वो फूटा था।"

मी ज्या गल्लीत राणीला दुधाने न्हाऊ घातलं होतं, ती ही गल्ली. त्यांनी कोटाची बटणं चाचपली आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे निघून गेले.

होडी खाडीच्या मध्यावर होती तेव्हा किल्ल्याकडून आवाज आला. कानापेक्षा छातीत बसला. पाण्यावरचे पक्षी एकदम उठले. शिपायांनी तो गोळा उडवला होता. आत्या धुराकडे पाहत होती.

"माह्या पोराच्या हाताखाली असेच गोळे असते काय गा?"

"असतात," मी म्हणालो.

"आन् तेही कोनाच्या गल्लीत पडत असतीन."

मी पाण्याकडे पाहिलं. तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली. आवाज अगदी लहान करून म्हणाली, "मी त्याले माह्या लेकराचा नवस बोलली ना. तू जसा धड उभा हायेस तसं त्यालेही धड ठेव म्हटलं. बोललेला नवस वापस घेता येते काय?"

सकाळपासून मी प्रत्येक दगडाला गोष्ट दिली होती. यालाही एखादी सुचली असती. ती माझ्या तोंडाकडे पाहत बसली, आणि होडी काठाला लागली तरी मी बोललो नाही.