सोपं झाड देणाऱ्या बाई

"मे महिन्यात माहेरी जाता का?"

बाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. लग्न होऊन मी परभणीत आले होते, त्यांच्याच शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते, आणि अंगणात चार झाडं लावायची हौस त्यांच्यापाशी बोलून दाखवली होती.

"जाते की, बोरीला."

"मग पाणी कोण घालणार? मालक?" माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनीच मान हलवली. "मग गुलाब न्हाई भेटणार तुमाला. सदाफुली घ्या."

दुसऱ्या दिवशी डालड्याच्या डब्यातलं रोप माझ्या टेबलावर होतं. डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकंसुद्धा पाडलेली.

बाई आमच्याच गल्लीत भाड्यानं राहायच्या, एकट्या. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, तेव्हा त्यांचं घर गावातल्याच लोकांनी जाळलं होतं. गुन्हा एवढाच की घर बौद्धाचं होतं. वडील त्यातून सावरले नाहीत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही वह्या तपासता तपासता, मान वर न करता.

कुणाची वास्तुशांत असो की बारसं, बाई झाड द्यायच्या. पण त्याआधी अशी उलटतपासणी की घेणाऱ्याला घाम फुटावा. ऊन कुठून येतं? नळ कधी येतो? शेजारी बकरी आहे का? विसराळू माणसाला कोरफड. ज्याच्या घरात ऊनच नाही त्याला मनीप्लांट. उतावळ्याला पानफुटी, कारण तिचं नुसतं पान मातीवर टाकलं तरी कडेनं पिल्लं येतात.

एकदा आमच्या चित्रकलेच्या सरांनी शाळेतल्या शिपायाला नव्या घरासाठी कलमी गुलाब दिला. भर उन्हाळ्यात तो वाळला. "माझा हातच वाईट आहे," असं शिपाई हसत हसत म्हणाला, आणि बाई सरांवर कडाडल्या.

"हात वाईट नसतो कुणाचा! पहिल्यांदा लावणाराला मरणारं झाड देता, अन् मेलं की तोच स्वतःला दोष देत बसतो. पोरांना शिकवता बी असंच काय?"

सर जेवणाचा डबा तसाच झाकून उठले. मला तेव्हा हसू आलं होतं. बाईंच्या रागाला मूळ कुठे आहे, ते मला पुढे कळलं.

गल्लीच्या तोंडाशी एका वकिलांनी बंगला बांधला. त्यांची नवी सून राणीसावरगावची, अबोल पोरगी. ती एकदा बाईंना म्हणाली, "मला काहीच येत नाही हो. सोपं काहीतरी द्या." बाईंनी तिला गवती चहाच्या चार काड्या दिल्या. मोरीचं पाणी जिथं जातं तिथं लाव म्हणाल्या. पावसाळा संपेपर्यंत तिथं कमरेएवढं बेट झालं. पोरगी येणाऱ्याजाणाऱ्याला पाती तोडून देऊ लागली. वकिलांकडे सकाळचा चहा त्याच पातीचा होऊ लागला. तिच्या सासूबाई कौतुकानं सांगत फिरायच्या.

मग कुणीतरी त्यांना सांगितलं, पाती कुणाच्या घरची ते.

त्या दिवशी आम्ही दोघी शाळेला निघालो तर ते अख्खं बेट मुळांसकट रस्त्यावर पडलेलं. फाटकाच्या आत सासूबाई बादलीनं ओटा धुवायल्या होत्या. सून भिंतीला टेकून रडत होती.

बाईंनी पिशवी माझ्याकडे दिली आणि ते बेट दोन्ही हातांनी उचललं. माती त्यांच्या पांढऱ्या साडीवर सांडली.

"काय झालं याला? कीड लागली का?"

"आमच्या घरी सोवळं असतं," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला आधी सांगता आलं नाही?"

"काय सांगायचं होतं? माझी जात? ती मुळाला चिकटलीय का? दाखवा कुठं हाय. तीन महिने प्यायलात न्हवं? मग आता पोटातला चहा कुठं फेकणार?"

गल्लीतली दारं उघडली. बाईंनी मग सुनेकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. "कशाला रडायलीस बाळा? चार काड्यांचं एवढं केलंस तू. लय चांगला हात हाय तुझा. कुणी काही म्हणू दे."

रस्त्यातच बसून त्यांनी ते बेट हातांनी फोडलं आणि प्रत्येक दारासमोर एकेक ठोंब धरला. "घ्या. न मरणारं झाड हाय. घेता का?"

एकामागून एक दारं लागली. कोपऱ्यावरचे शिंपीचाचा मशीन सोडून पुढे आले. "लाओ बाई, इधर देओ." एक ठोंब मी घेतला. माझ्या सासूबाई आतून हाका मारत राहिल्या, तरी दारातच खड्डा करून लावला. बाकीचे ठोंब बाईंच्या हातात राहिले.

महिनाभरात घरमालकानं त्यांना खोली सोडायला सांगितलं. मुलाचं लग्न आहे, जागा लागते म्हणाला. मुलगा तेव्हा दहावीत होता. मी भांडायला गेले तर मालक मलाच चहा घ्या म्हणून आग्रह करू लागला. बाई रेल्वेरुळांपलीकडे, आपल्या माणसांत राहायला गेल्या. त्यांची खोली कित्येक महिने कुलूपबंद होती.

विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली तो संक्रांतीचा दिवस होता. रुळांपलीकडे गुलाल उधळला जात होता, फटाके वाजत होते. मी तिळगूळ घेऊन गेले. बाई तेव्हा फार थकल्या होत्या, खाटेवर पडून होत्या. तिळगूळ त्यांनी घेतला.

"नाव आलं. बापानं बघायला पायजे होतं," त्या म्हणाल्या. डोळे पुसून लगेच उठून बसल्या. "पण तुमच्या गल्लीत आज खोली मागितली तर कोण देणार मला, सांगा."

मी तिळगुळाची पुडी परत बांधायला लागले.

"मग गोड बोला म्हणू नका."

त्याच वर्षी त्या गेल्या. शाळेत शोकसभा झाली. पाहुणे म्हणून वकीलसाहेबांना बोलावलं होतं. कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते आले आणि फोटोला हार घालून बोलायला उभे राहिले. "बाई आमच्या शेजारी होत्या. फार शांत स्वभाव. कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत. जातपात त्यांच्या मनाला शिवली नाही, आणि आमच्याही."

मी उभी राहिले.

"खोटं आहे हे. बाई शांत नव्हत्या. त्यांना राग यायचा, आणि तो का यायचा हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या फाटकासमोर त्या रस्त्यात बसल्या होत्या, तेव्हा तुम्ही घरातच होता."

वकिलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मुख्याध्यापकांनी घाईघाईनं सर्वांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची विनंती केली.

सगळे उभे राहिले. मी खाली बसले.