विचारलं तेवढंच

माझ्या भावाने एका माणसाला पान्याने मारलं, हे आधीच सांगून टाकते. दीड फुटी पाना होता. पहिला घाव जबड्यावर बसला, दुसरा खांद्यावर, आणि तो खाली पडल्यावर पाना टाकून बुटाने. तीन बरगड्या मोडल्या, एका डोळ्याची नजर कायमची गेली. चौघांनी मिळून आवरलं, त्यात एकाचं नाक फुटलं. हे सगळं कोर्टाच्या कागदांत आहे, मी पदरचं काही घालत नाही.

त्याला सगळे पक्कड म्हणतात. लहानपणी एकदा त्याने माझी वेणी धरली ती वडिलांचे दोन रट्टे खाऊनही सोडली नाही, तेव्हापासूनचं हे नाव. पुढे तो पत्र्याच्या कारखान्यात सेटर झाला. तिथली प्रेस म्हणजे वरून दणका देऊन पत्रा कापणारं यंत्र. सेटरने साचा बसवायचा, यंत्र नीट चालतंय का पाहायचं आणि चालवणाऱ्याच्या हवाली करायचं. त्या दिवशी प्रेसवर एक बावीस वर्षांची पोरगी होती. तिच्या डाव्या हाताची चार बोटं साच्यात गेली. संध्याकाळी गेटपाशी फोरमन चारचौघांत म्हणाला, "पोरीचंच लक्ष नव्हतं," आणि हसला. तेव्हा पक्कडने पाना उचलला.

आम्हाला माहीत होती ती गोष्ट एवढीच. त्याला अडीच वर्षांची शिक्षा झाली. नातेवाइकांनी तोंडं फिरवली, शेजारीण जिन्यात भेटली की मुद्दाम विचारायची, "भाऊ काय म्हणतो तुमचा?" मीही ताठ मानेने सांगायची, "एका मुलीवरचा अन्याय सहन झाला नाही त्याला, म्हणून आत आहे." लाज वाटायची, खोटं कशाला बोलू? पण लाजेच्या खाली अभिमान होता, आणि तो लाजेपेक्षा जास्त होता.

सुटून आला तेव्हा भावजयीने दार पुरतं उघडलं नाही. साखळी तशीच ठेवून म्हणाली, "आधी नोकरी, मग घर. रिकामा बसलेला आणि हात उगारणारा माणूस मला मुलीसमोर नको." मुलगी आठ वर्षांची. ती आतून "कोण आलंय?" म्हणून विचारत होती. तो उत्तर न देता पिशवी उचलून माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. भावजयीला मी दोष दिला नाही. तिच्या जागी असते तर साखळीबरोबर कडीही घातली असती.

आता नोकरी लावून देण्याच्या बाबतीत तो योग्य घरी आला होता. पंपांच्या कारखान्यात भरतीच्या टेबलावर माझी एकोणीस वर्षं गेली आहेत. मुलाखतीत साहेब विचारतात आणि मी लिहिते. आमच्याकडे उमेदवाराचं उत्तर त्याच्याच शब्दांत फॉर्मवर उतरवतात आणि खाली त्याची सही घेतात. एकाने गॅसवेल्डिंग येतं म्हणून ठोकून दिलं आणि चौथ्या दिवशी स्वतःसकट टाकी उडवली, तेव्हापासूनचा हा साहेबांचा नियम. एकोणीस वर्षांत मी माणसं रडताना पाहिली, एकाला "आम्ही तुम्हालाच का घ्यावं?" एवढं विचारताच पाण्याचा ग्लास भिंतीवर फेकताना पाहिलं. प्रश्न सहा-सातच असतात. पण त्यांच्यापुढे धडधाकट माणसाची गाळण उडते.

आमच्याकडे सेटरची जागा निघाली. मी साहेबांना सरळ सांगितलं, भाऊ आहे, मारहाणीची शिक्षा भोगून आलाय. साहेब म्हणाले, "येऊ दे. आणि लिहायला तुम्हीच बसा, दुसरं आहे कोण? फक्त मध्ये बोलायचं नाही."

मुलाखतीला अठरा दिवस होते. रोज ऑफिसातून आले की मी चष्मा नाकावर ओढून टेबलापलीकडे बसायची, हातात स्टीलची फूटपट्टी.

"स्वतःबद्दल सांगा."

"काय सांगू? तुला माहीत नाही?"

फूटपट्टी बोटांच्या पेरांवर. "साहेब आहे मी. अहोजाहो करायचं."

"तुम्हाला माहीत नाही का?"

पुन्हा फूटपट्टी. तो कळवळला आणि आम्ही दोघंही हसलो. पुष्कळ दिवसांनी हसलो.

"पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?"

"बाहेर."

"तुमचा सगळ्यात मोठा दोष?"

"राग."

"आणखी?"

"एवढ्यानं भागत नाही का?"

दोषाच्या प्रश्नावर लोक 'मी फार मेहनत करतो' असलं काहीतरी सांगतात आणि साहेब मान खाली घालून हसतात. म्हणून मी त्याला तसलं काही शिकवलं नाही. खरा दोष सांगायचा, त्याच्यावर काय इलाज करतो ते सांगायचं आणि गप्प बसायचं. पगार, सवयी, आधीचे साहेब, सगळ्यांची उत्तरं बसली. एकच प्रश्न बसेना.

"मधली अडीच वर्षं काय करत होता?"

त्याचा जबडा हलायला लागला. दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने उठून कपाटाच्या दारावर ठोसा मारला. फळी आरपार फुटली. मनगटापर्यंत हात आत, आणि बाहेर काढला तेव्हा कातडी सोललेली, रक्त फरशीवर. शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला, म्हणजे कान लागले. मी जागची उठले नाही. आमच्या आईनेही उठून कधी कुणाची समजूत काढली नव्हती. म्हटलं, "साहेबांच्या खोलीतलं कपाट लोखंडी आहे. बस खाली. मधली अडीच वर्षं काय करत होता?"

शेवटी मी त्याला तीन वाक्यं घोटवून दिली. माझ्या हातून मारहाण झाली. शिक्षा भोगली. आता राग आला की जागा सोडून बाहेर जातो. एवढंच. बोलेल त्याची बोरं विकतात हे बाजारात खरं असेल. मुलाखतीत झाकली मूठ सव्वा लाखाची. विचारलं तेवढंच सांगायचं, आणि त्यातलंही अर्धंच.

"ताई, आणि त्यांनी त्या पोरीचं विचारलं तर?"

"कशाला विचारतील? फॉर्मवर तो प्रश्नच नाही."

तो सोललेला हात पाण्याखाली धरून बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, दुखतंय.

मुलाखतीच्या सकाळी मी त्याला इस्त्रीचा शर्ट दिला, बाह्या मनगटापर्यंत, म्हणजे तुरुंगात कांबळ्यावरून झालेल्या मारामारीतला व्रण दिसू नये. साहेबांसमोर तो असा बसला की मलाच ओळखू येईना. पाठ सरळ, हात मांडीवर. साचा किती वेळात बदलता, दणका कमीजास्त कसा करता, सगळं नीट सांगितलं. दोष विचारला, सांगितला. साहेब मान हलवत होते. मग तो प्रश्न आला. तिन्ही वाक्यं एकापाठोपाठ एक बाहेर पडली, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. मी ती भराभर उतरवून घेतली. सुटलो, म्हटलं. आज संध्याकाळी आपल्या लेकीला भेटणार हा.

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. त्यांनाही तो पसंत पडला होता, ते मला दिसत होतं. जाता जाता माणूस दोन शब्द चांगले बोलतो, तसं ते म्हणाले, "त्या पोरीसाठी मारलंत असं ऐकलं मी. चूकच ती. पण मनातून मी तुम्हाला नावं ठेवली नाहीत."

यावर नुसती मान हलवायची होती. तेवढंच.

"नाही," पक्कड म्हणाला. "तिच्यासाठी नाही मारलं."

साहेब थांबले. मी मान वर केली. मध्ये बोलायचं नव्हतं, म्हणून नुसते डोळे मोठे केले. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

"प्रेसला दोन बटणं असतात, साहेब. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच दणका पडतो. म्हणजे हात साच्यात राहूच शकत नाहीत. फोरमन म्हणाला, माल कमी पडतोय, डावं बटण पाचर मारून बसव. पाचर मीच तासली, मीच मारली. पोरगी नवी, तिला वाटलं प्रेस एका बटणावरच चालते, आणि तिचा डावा हात पत्रा सरकवायला मोकळा झाला. बोटं गेल्यावर ती ओरडत होती आणि फोरमन मला म्हणाला, पाचर काढ, नाहीतर दोघं आत जाऊ. मी तिला उचललं नाही. आधी पाचर काढली. कारखान्यामागच्या नाल्यात टाकली. पुढे चौकशीत यंत्र ठीक निघालं आणि तिचा दावा फेटाळला गेला. त्या दिवशी संध्याकाळी फोरमन हसला तेव्हा मला नुसतं तोंड उघडून सांगायचं होतं. मी मारलं."

साहेब उभे राहिले. मला वाटलं, आता हे त्याला मारतात. त्यांची मूठ टेबलावर इतक्या जोराने आदळली की दौतीसकट सगळं उडालं.

"लिहा," ते माझ्यावर ओरडले. "थांबलात कशाला? त्याच्याच शब्दांत!"

मी लिहिलं. स्वतःच्या भावाचं, स्वतःच्या अक्षरात. पाचर, नाला, सगळं. त्याने सही केली. साहेबांनी निकालाच्या रकान्यात 'नापसंत' लिहून कागद माझ्याकडे भिरकावला आणि त्याला म्हणाले, "माझ्या कारखान्यात तुझा पाय दिसला तर मीच तोडीन."

"बरोबर आहे," पक्कड म्हणाला. "या कागदाची एक प्रत मिळेल का?"

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग खिडकीकडे तोंड करून मला म्हणाले, "द्या त्याला. शिक्का मारून द्या."

जिन्यात मी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. इस्त्रीच्या शर्टाची दोन बटणं तुटून पायऱ्यांवरून खाली गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "अठरा दिवस! अठरा दिवस मी तुझ्यासमोर बसले! अडीच वर्षं जगाला सांगत फिरले! मला का नाही सांगितलंस?"

"तू एवढ्या अभिमानानं बघायचीस," तो म्हणाला. "मला तेच पुरत होतं."

मी कॉलर सोडली. रजेचा अर्ज टाकला आणि त्याच्याबरोबर त्या बोटं गेलेल्या पोरीकडे निघाले, कारण एकट्याने जायची त्याची हिंमत नव्हती आणि त्याला एकटं सोडायची माझी नव्हती.

पोरगी एका लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत राहते. उजव्या हाताने दार उघडलं, पक्कडला ओळखलं आणि तिचा चेहरा फुलला. "या ना! मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं, आत असताना. मिळालं का?"

आभाराचं पत्र. मला त्याची कल्पनाच नव्हती. त्याने उंबऱ्याबाहेरच उभं राहून कागद पुढे केला. तिने तो वाचला. एकदा वाचला, मग पाचरीच्या ओळीवर परत गेली. मग त्याला मारायला लागली. आधी उजव्या हाताने, थोबाडीत, सटासट. मग डाव्या हाताने. त्या हाताला अंगठा सोडून बोटं नाहीत, त्यामुळे चपराकीचा आवाज येत नव्हता, नुसता ढब ढब. त्याचा ओठ फुटला. रक्त हनुवटीवरून शर्टावर उतरलं. "मी आभार मानले तुमचे! आभार!" दर फटक्याला एवढंच ओरडत होती. लॉन्ड्रीवाला खालून धावत आला, त्याला मी हात आडवा करून थांबवलं.

पक्कडने हात वर केला नाही. चेहरा झाकायलासुद्धा नाही. ज्या माणसाला आवरायला चौघे लागले होते तो हात सोडून उभा होता आणि मार खात होता. मी मध्ये पडले नाही. मला त्याची दया येत होती आणि ती आणखी मारो असंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

ती दमली. दाराच्या चौकटीला टेकून रडली. मग नाक पुसून म्हणाली, "वकिलासमोर हेच बोलाल?"

"बोलेन."

"परत आत जावं लागेल."

"माहीत आहे."

तिने कागद घडी घालून ठेवला आणि दार लावून घेतलं.

घरी येऊन मी भावजयीला फोन लावला. तिला वाटलं, नोकरीची बातमी. सगळं सांगितलं, पाचर, कागद, ती पोरगी, आणि तो परत आत जाण्याची शक्यता. मी म्हटलं, "ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. मारामारी करणाऱ्या माणसाची बायको म्हणून मी अडीच वर्षं काढली, ताई. हे त्याच्याहून वाईट आहे." आणि फोन ठेवला.

पक्कड मोरीत तोंड धूत होता. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ओठावर बर्फ धरून बसला. अर्ध्या तासाने फोन परत वाजला.

"तिने खूप मारलं का?" भावजयीने विचारलं.

"खूप."

"आणि यानं?"

"हात उचलला नाही."

"एकदाही?"

"मी समोर होते. एकदाही नाही."

पलीकडे मुलगी मोठ्याने पाढे म्हणत होती, ते ऐकू येत राहिलं. भावजयीने तिला दुसऱ्या खोलीत जायला सांगितलं आणि परत फोनवर आली.

"उद्या मुलीला शाळेतून त्यानं घरी आणावं," ती म्हणाली. "चारला सुटते. ओठाचं ती विचारेलच. खरं सांगायचं म्हणावं."